गाठ कुठल्या गावची

छातीचा कर्करोग महाळुंग्याच्या बायकांना होत नाही, हे एकोणीसशे सत्तावन्न साली आमच्या चावडीवर ठरलं. ठरायला फार वेळ लागला नाही. जो लागला, त्यातला बराचसा चहा येण्यात गेला.

ठरवणारे सगळे पुरुष होते. बायका तेव्हा शेतात खुरपत होत्या आणि त्यांना बोलावून आणावं असं कुणाला वाटलं नाही. विषय त्यांच्या छातीचा होता, हे खरं. पण गावाचा निर्णय म्हटला की तो घेणार पुरुषच.

झालं असं, की मुंबईच्या कुठल्याशा संशोधन मंडळाचे एक डॉक्टरसाहेब जीप घेऊन आमच्या बाजूला फिरत होते. कोणत्या भागातल्या बायकांना हा रोग जास्त होतो आणि कोणत्या भागात कमी, हे त्यांना मोजायचं होतं. बरोबर इंदुताई नावाची नर्स होती. तिला काहीही मोजायचं नव्हतं. तिला शनिवारी पुण्याला आपल्या घरी पोचायचं असायचं, आणि जीप हटकून शनिवारीच कुठल्या तरी ओढ्यात बसायची.

पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात डॉक्टरांचं काम झोकात झालं. तिथल्या बायकांनी दवाखान्यापुढे रांग लावली, रांगेवरून एकमेकींशी भांडल्या, उशीर केला म्हणून डॉक्टरांनाही चार शब्द सुनावले आणि आपल्याला काय होतंय ते आपल्या तोंडानं सांगितलं. साहजिकच तिथं काही जणींना रोग सापडला. डॉक्टरांनी लिहून घेतलं: पिंपरीत प्रमाण बरंच आहे.

मग जीप महाळुंग्यात आली.

"तुमच्या गावात," डॉक्टर चावडीवर म्हणाले, "कुणा स्त्रीला स्तनांचा—"

एवढं ऐकल्याबरोबर तीन म्हातारे उठून बाहेर गेले. एकाला उठवत नव्हतं, तो भिंतीवरचं पंचांग वाचायला लागला. त्याला वाचता येत नव्हतं. सरपंच दौलतरावांनी घसा खाकरला. गावात शेवटचा शब्द दौलतरावांचा असायचा. पहिलाही त्यांचाच असायचा, आणि मधल्या जागेत बाकीचे लोक 'व्हय' म्हणायचे.

"डाक्टर, ही चावडी देवळाला लागून हाय," ते म्हणाले. "त्या भागाचं आमी नाव घेत न्हाई."

"मग काय म्हणता?"

"काईच म्हणत न्हाई."

"पण तिथं काही दुखलं-खुपलं तर बायका काय सांगतात?"

"काईच सांगत न्हाईत. म्हंजे दुखत नसंल."

डॉक्टर विलायतेला जाऊन आले होते, पण या मुद्द्याला तिकडेही उत्तर निघालेलं नसावं. त्यांनी घरवार विचारायला सुरुवात केली. घराचं नाव पुकारलं की घरचा कर्ता 'न्हाई' म्हणायचा. कुणी उभं राहून म्हणालं, कुणी तंबाखू मळता मळता. एकाचं लग्नच झालेलं नव्हतं, त्यानंही छातीवर हात ठेवून 'न्हाई' सांगितलं. ज्योतीराम पिंपरीला कंपनीत पहिल्या शिफ्टला गेला होता. उगाच त्याच्या घराचा खाडा नको म्हणून त्याचं 'न्हाई' शेजाऱ्यानं घालून टाकलं.

"आणि बाहेरून आलेल्या कुणी आजारी स्त्रिया?"

"त्या दिलेल्या लेकी," दौलतराव म्हणाले. "माहेरी येऊन पडल्यात दोघी-तिघी. पर त्या आमच्यात धरत न्हाईत."

सगळी बेरीज शून्य आली. नव्या विहिरीला पहिल्याच सुरुंगात पाणी लागावं तसा डॉक्टरांचा चेहरा झाला.

"विलक्षण!" ते म्हणाले. "काय खाता तुम्ही?"

"बाजरी."

"आणि पाणी?"

"माझ्या हिरीचं," दौलतराव म्हणाले. गावात आणखी विहिरी होत्या, पण त्या त्यांना त्या वेळी आठवल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात पुण्याच्या एका वर्तमानपत्रात बाजरीवर लेख आला. त्यात महाळुंग्याचं नाव होतं. वाचून चाकणहून माणसं दौलतरावांच्या विहिरीचं पाणी न्यायला कळशा घेऊन आली. कळशा घेऊन आलेले सगळे पुरुष होते आणि पाणी त्यांनी वाटेतच पिऊन टाकलं. दौलतरावांनी वेशीवर 'निरोगी ग्राम' अशी पाटी लावली. प्रांतसाहेबांनी निरोप धाडला की अशा आदर्श गावाला पक्का रस्ता हवाच, आपण स्वतः येऊन सत्कार करू आणि रस्त्याचा नारळही फोडू. रस्त्याचं नाव निघाल्यावर तर गावातल्या पोराटोरांनासुद्धा आपल्या आया निरोगी असल्याचा अभिमान वाटायला लागला.

या सगळ्यात एकच अडचण होती. तिचं नाव तानाबाई.

तानाबाई म्हणजे त्या ज्योतीरामची बायको, शिफ्टला गेलेल्या. माहेर पुनावळ्याचं. एकुलती लेक मागच्या वर्षी सासरी धाडलेली. घरात आता नवरा, ती आणि सासू कुशाबाई. डॉक्टर पहिल्यांदा आले त्याच्या आधीपासून तिच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती. तिनं सासूला सांगितलं तेव्हा कुशाबाईनं विचारलं, "दुखती का?"

"न्हाई."

"मग कशाला हात लावून बघतीस? बाईमाणसानं आपलंच अंग असं चाचपत बसू ने. दुखायला लागली की सांग."

आमच्यात दुखणं खोटं नाही हे दाखवायला ते दुखावं लागतं. गाठीला हे माहीत नव्हतं. ती न दुखता वाढत गेली. बिब्बा झाला, हळदीचा लेप झाला, पाल्याचं पोटीस झालं. शेवटी कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली.

तेवढ्यात डॉक्टरांची जीप पुन्हा आली, विहिरीच्या पाण्याची बाटली भरून न्यायला. डॉक्टर विहिरीवर बाटली भरताहेत, दौलतराव पोहरा धरून उभे आहेत, असं चालू असताना तानाबाईनं इंदुताईला जीपच्या मागं गाठलं आणि पदर बाजूला केला.

इंदुताईनं हात लावून बघितलं. मग काखेत बघितलं.

"बाई, ही पुण्याला दाखव," ती म्हणाली. "लगेच. कापायला लागेल."

"कापून टाकल्यावर जगतो का माणूस?"

"लवकर कापलं तर जगतो. अशी मिरवत बसलीस तर नाही."

इंदुताईनं जाऊन डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. "घरच्या जबाबदार माणसानं 'नाही' म्हणून सांगितलं आहे," ते म्हणाले. "उद्या एकेक बाई येऊन सांगायला लागली तर माझ्या मोजणीला काही शिस्त राहील का?" आणि बाटली मांडीवर घेऊन ते जीपमध्ये बसले.

तानाबाईनं रात्रपाळीहून आलेल्या नवऱ्याला सांगितलं. ज्योतीराम तसा वाईट माणूस नव्हता. तसा तो कुठलाच माणूस नव्हता. कंपनीत फोरमन सांगेल तसा आणि घरी आई सांगेल तसा. तो आईकडे गेला. आई दौलतरावांकडे गेली. दौलतरावांनी सत्काराची तारीख मनात धरून क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "पोरीला माहेरी धाडा. छकडा माझा घ्या."

यात त्यांचं नवं डोकं काही नव्हतं. आमच्याकडची जुनी रीतच आहे ही. सून कामाला असते तोवर सासरची, अंथरुणाला खिळली की माहेरची. आईच्या हातचं पथ्यपाणी मानवतं, असं त्याचं कारण सांगतात. त्यामुळं गेल्या कित्येक वर्षांत महाळुंग्यात एकही सून दुखण्यानं मेलेली नाही. सगळ्या माहेरी जाऊन मेल्या.

छकड्यात बसताना तानाबाई म्हणाली, "आत्याबाई, नर्स पुण्याला म्हणली हुती. पुनावळं न्हाई."

"पुनावळ्यावरनं पुनं जवळच पडतंय की," कुशाबाई म्हणाली आणि तिच्या मांडीवर खणा-नारळाची ओटी ठेवली. ओटी अगदी नीट भरली होती. रीत म्हणजे रीत.

पुनावळ्याला तानाबाईचा भाऊ कोंडीराम होता. आई कधीच गेली होती, त्यामुळं पथ्यपाणी भावजयीच्या हातचं होतं. "चार दिवस ऱ्हा, मग बघू पुन्याचं," कोंडीराम म्हणाला. चार दिवसांनी भात काढायचं निघालं. भात निघाल्यावर बघू ठरलं. भात निघाला तशी शर्यत आली.

आणि नेमका शर्यतीच्या दिवशी डॉक्टर पुनावळ्यात येऊन थडकले. पंचक्रोशीत बैलगाड्यांची शर्यत असली की पुनावळ्यात पुरुष औषधालाही उरत नाही. डॉक्टर चावडीवर गेले तर तिथं एक कुत्रं झोपलेलं. नाइलाजानं ते घरोघर फिरले. घरात बायकाच होत्या. त्यांनी आधी दार लोटून घेतलं, मग इंदुताईला बघून उघडलं, आणि मग एकदा बोलायला लागल्या त्या थांबेनात. माहेरी येऊन पडलेल्या लेकी पुढं झाल्या. नांदणाऱ्या सुनांनी आपलं दाखवलं. एका म्हातारीनं तर पाठदुखी, गुडघेदुखी आणि दिराची तक्रारही सांगून घेतली. तानाबाईला डॉक्टरांनी स्वतः तपासलं. आता ती दुसऱ्या गावात भेटल्यामुळं शिस्तीत बसत होती.

डॉक्टरांनी हिशेब मांडला आणि त्यांना घाम फुटला. पुनावळ्याचं प्रमाण पिंपरीच्याही वर गेलं.

"काय खाता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"भात," बायका म्हणाल्या.

वर्तमानपत्रात दुसरा लेख आला, या खेपेला भातावर. पुनावळ्याच्या पुरुषांना तो शर्यतीची ढाल घेऊन परत आल्यावर वाचायला मिळाला. आठवड्याच्या आत दोन सोयरिकी मोडल्या. ठरलेल्या नवरीच्या सासरकडून निरोप आला की पोरगी चांगली आहे, पण भातावर वाढलेली आहे.

पुनावळ्यात बैठक बसली. आपल्याला बेअब्रू करणाऱ्या गाठी मुळात आपल्या नाहीतच, असं एकमतानं निघालं. "कन्यादान झालं तवा पोरगी तिकडची झाली," एक जाणता म्हणाला. "गोत्र गेलं, आडनाव गेलं, मग गाठ एकटी मागं कशी ऱ्हाईल?" याला तोड नव्हती. दुसऱ्या दिवशी कोंडीरामनं बहिणीला परत गाडीत बसवलं. भावजयीनं ओटी भरली.

"दादा, पुण्याला घेऊन चल रं," तानाबाई म्हणाली. "नर्सनं सांगितलंय, येळ घालवू नगं."

"नेलं तर लोक म्हणतील, बघा, पुनावळ्याचीच हुती. तुझ्या दादल्याला नेऊ दे."

गाडी महाळुंग्याच्या वेशीवर आली तेव्हा दौलतराव पाटीखाली उभे होते. सत्कार दोन दिवसांवर आला होता. कमानीला केळीचे खुंट लागले होते.

"कोंडीराम, आजारी लेक परत धाडायची रीत कुठली?"

"आजारी सून धाडायची रीत असंल तर ही बी असंल."

"हिला आत घेतली तर एक धरावी लागंल. आमचं शून्य हाय, राव!"

"आन आमचं गाव बदनाम झालं ते?"

तानाबाई गाडीत बसून ऐकत होती. गाठीला आता जखम झाली होती आणि दुखायलाही लागली होती. म्हणजे सासूच्या नियमाप्रमाणे सांगायची वेळ झाली होती. पण ऐकणारं माणूस सगळं वेशीवर होतं आणि ते शून्याविषयी बोलत होतं.

वेशीवर तमाशा नको म्हणून ठरलं, की उद्या दोन्ही गावांच्या मधोमध आकुर्डीला बसू. तिथं चिंचेखाली दोन्हीकडची जाणती माणसं जमतील, डॉक्टरांनाही बोलावू, आणि काय ते शास्त्रानं ठरवू. डॉक्टर खुशीनं आले. शास्त्राला खेड्यात एवढा मान त्यांनी आजवर बघितला नव्हता. ज्योतीराम शिफ्ट सुटल्यावर खाकी कपड्यांत, हातात डबा घेऊन तसाच आला. गाडी झाडापासून जरा लांब, उन्हात सोडली होती, कारण सावलीत माणसं बसली होती.

"रोग एका दिवसात होत नाही," डॉक्टरांनी समजावलं. "वर्षानुवर्षं शरीरात तयार होतो. तेव्हा रुग्णानं किती वर्षं भात खाल्ला आणि किती वर्षं बाजरी, हे बघावं लागेल."

"लगीन झालं तवा चौदाची हुती," कोंडीराम म्हणाला. "त्याला वीस वर्सं झाली. म्हंजे बाजरीच जास्त!"

"पर ल्हानपनी खाल्लेलंच अंगी लागतंय," दौलतराव म्हणाले.

"बाळंतपणाला माहेरी गेली हुती का न्हाई?" महाळुंग्याच्या एकानं विचारलं. "तवा तीन म्हैने भातच खाल्ला की तिनं. त्ये धरा."

"मग तुमच्याकडं सणाला भात हुतोय, त्यो बी धरा!"

सणांची मोजदाद सुरू झाली. नागपंचमीला भात असतो की नाही यावर दोन्ही गावांत खडाजंगी झाली. डॉक्टर भराभर लिहून घेत होते. शेवटी एक समजुतीची वाट निघाली, की तानाबाई निम्मी महाळुंग्याची धरावी आणि निम्मी पुनावळ्याची. डॉक्टरांना ती पटली. दौलतरावांना नाही, शून्यावर अर्धा चढला तरी शून्य राहत नाही, एवढं गणित त्यांना येत होतं.

इकडे गाडीपाशी इंदुताई चाकाला टेकून उभी होती. तो शनिवार होता.

"बाई," तानाबाईनं विचारलं, "हितनं टेसन किती लांब?"

"चिंचवड ना? चालत जाता येतं. लोणावळ्याहून पुण्याला जाणारी पॅसेंजर मिळेल." इंदुताईनं चिंचेकडे बघितलं. तिथं आता दसऱ्याच्या जेवणात भात धरायचा की पुरणपोळी, असं चाललं होतं. "हे काही अंधार पडेपर्यंत उठत नाहीत. माझाही शनिवार जाणार."

"मग चला की."

"अगं, पण घरच्यांना विचार."

"कुठल्या घरच्यांना?"

इंदुताईनं जीपमधून आपली पिशवी काढली. दोघी रस्त्याला लागल्या. वाटेत तानाबाई दोनदा मैलाच्या दगडावर टेकली. दोन्ही ओट्यांचे नारळ तिनं वाटेत एका पोरवड्याला देऊन टाकले, ओझं नको म्हणून.

बाई गाडीत नाही हे कळायला झाडाखाली बराच वेळ लागला. तेही बैल जुंपायला गेलेल्यानं बघितलं म्हणून. तेव्हा मात्र धावपळ झाली. तिचं काही बरंवाईट होईल म्हणून नव्हे. "इस्पितळात गाव विचारत्यात!" दौलतराव ओरडले. "काय सांगंल ती?"

ज्योतीरामला महाळुंग्याच्या वतीनं आणि कोंडीरामला पुनावळ्याच्या वतीनं मागच्या गाडीनं पुण्याला धाडलं. दोघं समोरासमोरच्या बाकांवर बसले आणि खडकीपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. खडकीला ज्योतीरामनं डबा उघडला. मेहुण्याला अर्धी भाकरी दिली. बाजरीची होती. कोंडीरामनं ती खाल्ली आणि तोंड पुसलं.

इस्पितळात कारकुनाचं तानाबाईला गाव विचारून झालं होतं. "दोन गावं हायती, दोन्ही न्हाई म्हंत्यात," ती म्हणाली होती. "मोकळं सोडा."

"मोकळं सोडता येत नाही."

"मग तुमचंच घाला."

कारकुनाची जेवायची वेळ टळून गेली होती. त्यानं आपल्या पेठेचं नाव घातलं. डॉक्टरसाहेबांनी पुढं त्या पेठेतल्या बायकांच्या चहा पिण्यावर एक लेख लिहिला, असं ऐकतो.

सर्जन मात्र गडबडीत होते. त्यांनी गाठ बघितली आणि म्हणाले, "अजून दोन महिने थांबला असता तर मला बोलवायची गरजच पडली नसती. काखेतलंही काढावं लागेल. उद्या सकाळी. नवरा कुठं आहे? संमतीचा अंगठा हवा."

तेवढ्यात नवरा आणि भाऊ दोघंही दारात हजर झाले. सर्जननी कागद पुढं केला.

ज्योतीराम मागं सरला. निघताना दौलतरावांनी त्याला बजावलं होतं, ज्याचा अंगठा त्याचं गाव. "दाजी, तुमी करा," कोंडीराम म्हणाला. "तुमचा मान."

"छे, छे, तुमी थोरले."

"नवऱ्याच्या म्होरं भाऊ कोण?"

"रक्ताचं नातं म्हंजे नातं, राव. आमी काय, परके."

शाईचा पॅड या हातातून त्या हातात असा दोनदा गेला. एखाद्या लग्नातही आमच्याकडं कुणी कुणाला एवढा मान दिलेला नाही. सर्जन आधी बघत राहिले, मग म्हणाले, "ही कोण लागते तुमची?"

ज्योतीरामनं पॅड पुन्हा कोंडीरामच्या हातात दिला.

तानाबाई खाटेवरून उतरली. तिनं भावाच्या हातातला पॅड काढून घेतला, अंगठा बुडवला आणि विचारलं, "कुठं लावू?"

"असं चालत नाही, बाई," सर्जन म्हणाले. "घरच्या माणसाचा लागतो."

"सायेब, ह्यांच्या अंगाला तुमी हात तरी लावणार हाय का?"

"नाही."

"मग ह्यांचा अंगठा कशाला?"

सर्जननी इंदुताईकडे बघितलं. इंदुताई घड्याळाकडे बघत होती. सर्जननी कागदावर खालच्या कोपऱ्यात जागा दाखवली. अंगठा जरा जास्तच जोरात उमटला, मागच्या कागदावरही शाई गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. त्याच वेळी महाळुंग्यात प्रांतसाहेब दौलतरावांच्या गळ्यात हार घालत होते. रस्ता आखायला चुन्याच्या रेघा मारल्या. रस्ता अजून तेवढाच आहे.

तानाबाई सहा आठवड्यांनी महाळुंग्यात आली ती चाकणपर्यंत मोटारीनं आणि पुढं चालत. तिला न्यायला कुणी गेलं नव्हतं. ती सरळ आपल्या घरात गेली आणि चुलीपुढं बसली. ज्योतीरामनं तिला पाटावर पाणी दिलं. हे त्यानं आपल्या मनानं केलं, आई घरात नव्हती.

संध्याकाळी दौलतराव आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"बरं झालं, बरी झालीस," ते म्हणाले. "कुणी इचारलं तर पोटाचं आपरेशन झालं म्हन."

"पोटाचं काय?"

"काय बी. पोटात लई असतंय."

"मामंजी, पोटाचं सांगितलं तर बाया पोट चाचपत बसतील," तानाबाई म्हणाली. "आन गाठ ऱ्हाईल तिथंच."

दौलतराव परत गेले. त्यांना जाताना बघून मग बायका एकेक करून आल्या. कुणी विरजण मागायला आली, कुणी चाळण. विरजण राहायचं बाजूला. तानाबाई दार लोटायची आणि जखमेची खूण दाखवायची, आणि मग त्यांना सांगायची कुठं कसा हात लावून बघायचा. काही जणी नुसता तिचा हात धरून आपल्या छातीवर नेऊन ठेवायच्या. त्यातल्या दोघींना तिनं पुण्याला नेलं. एकीच्या नवऱ्यानं छकडा माहेरच्या वाटेला लावला होता, तर ती बाई वाटेत उतरून चिंचवडला चालायला लागली. मग तिच्यामागून आणखी कितीतरी जणी गेल्या.

वर्ष सरता सरता डॉक्टरसाहेबांना इस्पितळातून आकडे कळले आणि ते जीप घेऊन धावत आले. शून्याचं गाव पंचक्रोशीत सगळ्यात वर गेलं होतं. आता त्यांना संशय पिंपरीकडून येणाऱ्या वाऱ्याचा होता. "एवढी साथ एका वर्षात!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. पूर्वी या गावच्या बायका मोजल्या न जाता मरायच्या आणि आता मोजल्या जाऊन जगतात, हे त्यांच्या कोष्टकात कुठं लिहायचं त्याला रकाना नव्हता. दौलतरावांनी वेशीवरची पाटी काढून गोठ्याला लावली. म्हशींविषयी अजून कुणी तक्रार केलेली नव्हती.

एक दिवस दुपारी तानाबाई भाकरी थापत असताना कुशाबाई तिच्या मागं येऊन उभी राहिली.

"तानी," ती म्हणाली, "हितं जरा हात लाव."

तानाबाईनं हाताचं पीठ झटकलं आणि हात लावला. मग दुसऱ्या बाजूला लावला. मग पुन्हा पहिल्या.

"दुखती का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"कवापासनं हाय?"

"तू माहेरी गेलतीस तवापासनं."

तवा तापून धुरायला लागला होता; तानाबाईनं तो उतरवला. मग सासूकडे वर बघून म्हणाली, "आत्याबाई, तुमचं माहेर कुठलं वो?"

कुशाबाईचं तोंड एकदम एवढंसं झालं. "तिथं कोण ऱ्हायलंय आता," ती म्हणाली. "भाच्याच्या सुना हायत्या. त्या मला वळखत बी न्हाईत."

"बरं झालं," तानाबाई म्हणाली. "लुगडं बदला. सांजच्या गाडीनं जाऊ."

कुशाबाई लुगडं बदलून आली. दारात पुन्हा थांबली. "आन तिथं गाव इचारलं तर गं?"

"महाळुंगे सांगायचं. जरा मोठ्यानं सांगा, कारकुनाला कमी ऐकू येतंय."

दोघी बाहेर पडल्या. पारावर दौलतराव बसले होते. त्यांनी विचारलं, "सासू-सुना कुठं निघाल्या?"

कारकून अजून लांब पुण्यात होता, पण कुशाबाईनं तिथूनच मोठ्यानं सांगायला सुरुवात केली.